दोनशे तीसवर काटा

माणूस डोक्याने अर्धा होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी त्याचे गोडवे गायला बसलोय असं कुणाला वाटायला नको. त्याच्या घरी पाहुणा गेला तर हा पाण्याच्या तांब्याआधी टेस्टर पुढे करायचा. दाराशेजारच्या सॉकेटात टेस्टर घालून त्यातला लाल दिवा पाहुण्याला दाखवायचा आणि म्हणायचा, "ही आपल्या घरातली लाईट. दिसते ना गरीब? बिलकूल गरीब नाय ती."

पाहुणा चहा न पिता उठायचा.

मी चौथीपर्यंत शिकलेला गवंडी. चिरा आणि सिमेंट यापलीकडे हाताला वळण नाही. लिहायचं कारण एवढंच की घरात बोलायला आता कोणी नाही. बायको गेल्याला हा दुसरा पावसाळा. शेवटचे सात-आठ महिने ती हवेच्या मशीनवर होती, आणि ते मशीन ज्या डब्यावर चालायचं तो डबा ह्या अर्धवटाचा. म्हणून तिची आठवण काढायला बसलो की हा मध्ये येतोच. तेव्हा त्याला एकदा लिहून बाहेर काढावा.

तो माझ्या भावकीतला, दोन-तीन वर्षांनी धाकटा. मला दादा म्हणायचा, बायकोला वैनी. मुंबईत एका कचेरीच्या इमारतीत तीस वर्षं लिफ्टमन होता. स्टुलावर बसून बटणं दाबली, आणि रिटायर होऊन गावी आला तो अशा थाटात, की मुंबईची सगळी लाईट ह्याच्याच बोटावर चालली होती. आमची वाडी पोलादपुराहून कुडपणाच्या बाजूला चढताना लागते. तारा जंगलातून येतात. पावसाळ्यात लाईट येते थोडी आणि जाते फार. अशा ठिकाणी हा शहाणा लाईटवर वाजणारा कीबोर्ड घेऊन आला.

विहारात भात्याची पेटी होती. तिला ना वायर ना पिन. पण ह्याला एकाच पेटीतून सनई पाहिजे, बासरी पाहिजे, आणि मध्येच व्हायोलिन पाहिजे.

आमची गायन पार्टी होती. जयंती, हळद, नामकरण, कुठेही बोलावलं की टेम्पोत बसून जायची. माझी बायको त्यात गायची. रस्त्याच्या कामावर खडी वाहिलेली बाई ती. दिवसा मुकादम तिच्यावर ओरडायचा, आणि संध्याकाळी ती माईकपुढे उभी राहिली की तोच मुकादम पहिल्या रांगेत मांडी घालून गप्प ऐकायचा. त्याच्या त्या गप्प ऐकण्याचं तिला फार अप्रूप होतं. बोलून दाखवायची नाही, पण होतं.

पहिला कीबोर्ड त्याने दासगावला घालवला. हळद होती. मांडववाल्याचा जनरेटर मध्येच पिसाळला. सगळे बल्ब पांढरे झाले आणि ह्याच्या पेटीतून सनईच्या जागी धूर निघाला. रबर जळल्याचा वास. ह्याने काय करावं? वाकून पेटीवर फुंकर मारली, चुलीत मारतात तशी. लोक हसले. बायको थांबली नाही. टाळ्यांच्या ठेक्यावर तिने गाणं पुरं केलं. परतीच्या टेम्पोत हा मेलेली पेटी मांडीवर घेऊन बसला होता. पोलादपूरच्या स्टँडजवळ एकदम म्हणाला, "दादा, लाईट जाते तेव्हा मारत नाय. येते तेव्हा मारते."

मी म्हटलं, "तू मेलास तरी चालेल, पण आता गप बस. माणसं दमलीत."

तिथून त्याचं जे सुरू झालं ते सुरू झालं.

दुसरा कीबोर्ड घेतला तो मुलासारखा म्हणतात तसा नव्हे, मुलापेक्षा बरा सांभाळला. मुलाच्या तापाला त्याने कधी सुट्टी घेतली नव्हती. महाडच्या एका मेकॅनिककडून पत्र्याचा एक डबा बनवून आणला. त्याला तो स्टॅबिलायझर म्हणायचा, आम्ही डबा म्हणायचो. आत तांब्याची तार भरलेली, बाहेर काट्याचं मीटर. लाईट फार वर गेली किंवा फार खाली आली की डबा टक करून बंद व्हायचा, आणि पुन्हा जोडायला तीन मिनिटं घ्यायचा. मीटरवर दोनशे तीसच्या जागी ह्याने सुनेच्या नेलपॉलिशची लाल रेघ मारली होती. काटा रेघेवर आल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही. कीबोर्डची पिन तो शर्टाच्या खिशात ठेवायचा, म्हणजे त्याच्या माघारी कोणी जोडणार नाही. हागायला गेला तरी पिन खिशात.

कार्यक्रमाच्या घरी गेला की आधी शंभराचा बल्ब लावून बघत बसायचा. एक गाणं होईल एवढा वेळ. ढोलकीवाला ढोलकी तापवून कंटाळायचा. मग हा घरात शिरून हुकूम सोडायचा. शिवथरला एका लग्नघरी बायका खोबऱ्याचं वाटण काढत होत्या, तिथं जाऊन ह्याने मिक्सरची पिन उपटली.

नवऱ्याची आई म्हणाली, "ओ, कोण तुम्ही?"

"पार्टीतला. मिक्सर थांबला की झटका मागे फिरतो. तो माझ्या पेटीत येतो."

"मग माणसांनी जेवायचं काय? तुमची पेटी?"

"पाटा नाय काय घरात?"

ती बाई मिक्सरचं भांडं घेऊन त्याच्या अंगावर धावली. माझ्या बायकोने मध्ये पडून सोडवलं आणि मग स्वतः पाट्यावर बसून वाटण काढून दिलं. गाणारी बाई, गाण्याआधी. संध्याकाळी तिच्या हाताला लसणीचा वास होता. मी म्हटलं, "तुला काय पडलं होतं?" म्हणाली, "त्याची पेटी बंद तर माझं गाणं बंद. इतकं कळत नाय तुमाला?"

रबरी चपलेचं तर विचारूच नका. वाजवताना पायात रबर पाहिजे, नाहीतर अंगातून करंट जमिनीत जातो, हे त्याने डोक्यात घेतलेलं. आता स्टेजवर तसबिरी असतात, हार घातलेले असतात, तिथं चपला घालून कोण चढतो? वाडीच्या म्हाताऱ्यांनी एकदा खाली उतरवला. तर पुढच्या कार्यक्रमाला घरून लाकडी पाट घेऊन आला आणि पाटावर उभा राहून वाजवू लागला. सगळी पार्टी खाली बसलेली आणि हा एकटा मध्ये पाटावर उभा, नवरदेवासारखा.

सगळ्यात माझं डोकं फिरलं ते खड्ड्यावरून. घरामागे त्याने कंबरभर खोल खड्डा घेतला, त्यात तांब्याची पट्टी उभी केली, कोळसा आणि मीठ भरलं आणि वर माझ्याकडून चिऱ्याची चौकट बांधून घेतली. म्हणे अर्थिंग. लाईटीचा राग जमिनीत जायला वाट. ठीक आहे, जाऊ दे. पण तो खड्डा ओला ठेवायला लागतो म्हणून हा रोज सकाळी त्यात कळशीभर पाणी ओतायचा. मे महिन्यात! आमच्या वाडीला तेव्हा टँकर. बायका उन्हातान्हात हंडे घेऊन रांगेत, आणि हा खड्ड्याला पाणी पाजतोय.

मी जाऊन त्याची कळशी हातातून काढून घेतली. म्हटलं, "लाज वाटत नाय? माणसाला प्यायला नाय आणि तू दगडाला पाजतोस?"

तो म्हणाला, "हे पिण्याचं नाय दादा. भांडी धुतलेलं हाय."

"कोणाच्या घरचं?"

मी कळशीत बघितलं. वर भाताची शितं तरंगत होती आणि राखेचा गाळ होता. वाडीत राखेने भांडी घासणारं एकच घर उरलं होतं, ते माझं.

घरी येऊन बायकोला विचारलं तर म्हणाली, "मी देते. सांडपाणीच हाय. आपल्या केळीला काय, त्याच्या खड्ड्याला काय." आणि चूल फुंकायला लागली. त्या चुलीनेच पुढे तिची छाती खाल्ली, पण तेव्हा कुणाला माहीत.

आता तो पनवेलच्या पुढे कुठेतरी पोराच्या फ्लॅटात असतो. तिथं लाईट जातच नाही म्हणे. ह्याला करमत नाही म्हणे. मला काय त्याचं.

तर मशीनचं. महाडच्या डॉक्टरने फोटो बघून सांगितलं की फुफ्फुसं आकसलीत, आता हवेचं मशीन लावायचं, दिवसाचा बहुतेक वेळ. मशीन लाईटवर चालतं. बाहेरची हवा ओढतं, त्यातली चांगली हवा नळीतून नाकाला देतं. मध्ये पाण्याची बाटली, तिच्यात बुडबुडे येतात. लाईट गेली तर म्हणून सोबत एक लहान सिलिंडर दिला, तो चावीने उघडायचा. मशीन आणून मी खाटेजवळच्या सॉकेटात पिन घातली. चालू झालं. बायकोच्या ओठांचा काळेपणा तासाभरात उतरला. मला बरं वाटलं.

संध्याकाळी हा आला. तिला 'कशी हायस' विचारायचं सोडून आधी फ्यूज उपटून उजेडात धरला.

"ही फ्यूजची तार हाय की बैलाचं दावं?"

मी म्हटलं, "सारखी उडत होती. म्हणून जाड घातली. वर्ष झालं, एकदा पण उडाली नाय."

"आणि तू त्याच्यावर खूश हायस? दादा, तिचं कामच उडायचं हाय. राखणीचा कुत्रा मारून टाकलास आणि सांगतोस, आता भुंकत नाय."

"माझ्या घरात येऊन मला शिकवू नको."

"तुझं घर जळू दे," तो म्हणाला. "त्या मशीनवर वैनी हाय."

गेला, आणि अंधार पडायच्या आत डोक्यावर डबा घेऊन आला. फ्यूजला केसासारखी बारीक तार घातली. मशीनची पिन डब्यात, डबा सॉकेटात. काटा रेघेवर येईपर्यंत उकिडवा बसून राहिला. मग मला दटावलं, "डब्यावर तांब्या ठेवायचा नाय. कपडा वाळत टाकायचा नाय. हात लावायचा नाय." जसा काही मी लिफ्टमध्ये चढणारा बाजारबुणगा.

आता डबा माझ्याकडे म्हणजे त्याची पेटी बंद. डब्याशिवाय तो पिन खिशातून काढेना. कीबोर्ड गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकला. महिना झाला, दुसरा लागला. जयंती तोंडावर आली. ढोलकीवाला माझ्याकडे कुरकुर घेऊन आला. मी ह्याला म्हटलं, एका संध्याकाळपुरती सरळ सॉकेटात लाव, काय होतंय. म्हणाला, "एका संध्याकाळीच होतं. रोज कुठं होतं?" घ्या. असल्या माणसाशी काय बोलणार.

शेवटी बायकोनेच त्याला बोलावून घेतलं. दोन शब्द बोलायची, एक दम घ्यायची.

"भाऊजी, पेटी का गप हाय?"

"डबा इथं हाय ना, वैनी."

"मग न्या डबा."

"नाय न्यायचा."

"मग पेटी आणा इथं."

"तसं नाय चालत. एका डब्यावर एकच जीव. नियम हाय."

"कोणाचा?"

"माझा."

तिने दम घेतला. मग म्हणाली, "एका खुंट्याला दोन शेळ्या बांधत नाय काय माणसं? हे मशीन मोठी शेळी. तुमची पेटी, करडू."

तो हसला नाही. चुलीतला कोळसा उचलला आणि माझ्या भिंतीवर, मी स्वतः गिलावा केलेल्या भिंतीवर, आकडे मांडत बसला. मशीनला इतकी लाईट, पेटीला इतकी, डब्याला पेलते इतकी. खोडलं, परत मांडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन मांडलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बसतंय." तीस वर्षं एका डब्यात दहा-दहा माणसं चढवली याने, आणि दोन पिना एका डब्यात बसतात हे कळायला आजारी बाईने सांगावं लागलं. मी हे त्याला तोंडावर बोललो. तो म्हणाला, "लिफ्टला पण लिमिट असतं, दादा." पण मान खाली घालून म्हणाला.

तेव्हापासून पार्टीची प्रॅक्टिस माझ्या घरात. रोज पाच वाजता सगळे हजर. चपला, चहा, तंबाखू, माझ्या घराची धर्मशाळा केली. बायको खाटेवर उशीला टेकून, नाकात नळी. ती धृपद गायची. कधी ओळ पुरी व्हायची, कधी अर्ध्यावर दम जायचा. तिथं हा सनईचा सूर धरून ठेवायचा, ती पुन्हा येईपर्यंत. मला वाटायचं मिरवतोय. त्या सुरावर मी किती चरफडलो असेन. ती गेल्यावर ढोलकीवाल्याने सांगितलं की तो तिच्या दमासाठी थांबत होता, ठेका सोडून, आणि ढोलकीला डोळ्याने खुणावत होता. ऐकणाऱ्याला वाटायचं की चालच तशी आहे. हे मला कुणी तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी मानलं असतं असं नाही.

जयंती झाली. विहारात नाही, माझ्या अंगणात. बाहेर माणसं, आत खाट. एवढंच लिहितो त्याच्याबद्दल.

मग पावसाच्या आधीचा एक दिवस. प्रॅक्टिस चालली होती. वरच्या फणसावर वानरांचा कळप होता, फणस पिकलेले. एक हुप्प्या तारेवर उतरला, तारा एकीला एक लागल्या, ठिणग्या पडल्या आणि घरातला पंखा विमानासारखा सुटला. बल्ब पांढरा होऊन फुटला. फ्यूज फट करून उडाला. डबा टक करून बंद. मशीन बंद. पेटी बंद. बाहेर निम्म्या वाडीत आरडाओरडा, कुणाचा टीव्ही, कुणाचा फ्रिज.

मी सिलिंडरकडे गेलो. चावी नाही.

चावी सिलिंडरला बांधलेली होती. मीच सोडली होती, आदल्या दिवशी. नळाची चकती आवळायला दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून. आणि कुठे ठेवली ते आठवेना. मी मोरी बघितली, फळी बघितली, अंगण बघितलं. मागे खाटेवर तिचा श्वास ऐकू येत होता, करवतीसारखा. बायका तिला वारा घालत होत्या. त्या गडबडीत हा खाटेच्या दांडीवर हाताने ठेका धरून बसला, शाळेतल्या कवायतीच्या मास्तरसारखा. "आत, दोन, तीन. सोड, दोन, तीन, चार. वैनी, माझ्याकडे बघ. आत, दोन, तीन." मला वाटलं, ह्याच्या डोक्यात दगड घालावा. बाई मरतेय आणि हा प्रॅक्टिस घेतोय. पण ती त्याच्या ठेक्यावर आली. मी बघितलं. खांदे वर, खांदे खाली, ठेक्यावर.

चावी माझ्या गवंडीकामाच्या थैलीत निघाली, ओळंब्याच्या खाली. सिलिंडर उघडला, नळी बदलली. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि पहिलं बोलली ते त्याच्याशी.

"भाऊजी, ठेका चढवू नका. मला गाठता येत नाय."

खरंच, भीतीने त्याचा हात पळत होता. आम्ही कोणी ओळखलं नाही, तिने ओळखलं. तो ओशाळून हसला आणि मग तोंड फिरवून डब्याशी जाऊन बसला.

मशीन वाचलं. पेटी वाचली. त्याने मला एका शब्दाने सुनावलं नाही, ना फ्यूजवरून, ना चावीवरून. त्याने सुनावलं असतं तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं.

त्याचा सगळा विश्वास एका गोष्टीवर होता, की जे मारतं ते तारेतून येतं. तार राखली की झालं. लाईट परत आल्यापासून तो दिवसातून तीनदा यायचा, काटा बघायचा, तिच्याकडे बघून "दोनशे तीस" म्हणायचा आणि जायचा. डॉक्टर काय म्हणतो ते ऐकून घ्यायचा नाही. मी सांगायला गेलो की फुफ्फुसं आणखी आकसलीत, तर म्हणायचा, "पण लाईट सरळ हाय ना?" ती त्याला म्हणायची, "हो भाऊजी, एकदम सरळ." डॉक्टरचं बोलणं मला एकट्याला घेऊन झोपायला लागायचं.

भात कापून झालं होतं. सकाळचे दहा वाजले असतील, स्वच्छ ऊन. मी पेजेची वाटी घेऊन आलो तर तिचा हात खाटेवरून खाली आला होता. मी हाक मारली. मग शेजारच्यांना हाक मारली.

माणसं जमली, बायका रडायला लागल्या. हा आला तो त्यांच्यातून वाट काढत सरळ डब्याकडे गेला. उकिडवा बसला, चष्मा लावला. काच बोटाने ठोकली. काटा हलला आणि परत रेघेवर आला. मग फ्यूज काढून बघितला, बारीक तार अखंड होती, परत बसवला. मशीन थांबलं, आणि डब्याची तीन मिनिटं भरल्यावर पुन्हा सुरू झालं. मग एकेक पिन हाताने दाबून बघितली. वायर आणि पुढे नळी बोटांमधून सरकवत पार तिच्या नाकापर्यंत गेला आणि तिथून परत डब्यापर्यंत आला.

एक म्हातारी म्हणाली, "आता काय बघतोस रे तिथं?"

त्याने ऐकलं नाही. मशीन चालूच होतं, बाटलीत बुडबुडे येत होते. तो डब्याशेजारी जमिनीवर बसला आणि माझ्याकडे बघितलं.

"दादा, लाईट तर बरोबर हाय. सकाळपासून बरोबर हाय. मी घरी पण बघितली."

माझ्या तोंडात शिवी आली होती, आईवरून. ती बाहेर पडली नाही. मी म्हटलं, "हो रे. लाईट बरोबरच होती."

"मग?" तो म्हणाला.

त्याला उत्तर पाहिजे होतं आणि तो ते माझ्याकडे मागत होता. मी वाकून मशीनचं बटण बंद केलं.